वर्ग कोण पाडतो, कशासाठी पाडतो?

मेथीची जुडी असते, केळ्यांचा घड असतो, उसाची मोळी, चाव्यांचा जुडगा, गुरांचा कळप, पाखरांचा थवा. समूहदर्शक शब्दांची ही यादी शाळेत आपण सर्वांनीच पाठ केलेली असते. या शब्दांत वस्तू खरोखर एकमेकींजवळ असाव्या लागतात. बांधलेली दोरी सुटली की जुडी उरत नाही, पाखरे पांगली की थवा संपतो. ‘वर्ग’ या शब्दाला मात्र अशी जवळीक लागत नाही. ताडोबातला वाघ आणि मुंबईच्या चाळीतला उंदीर दोघेही सस्तन वर्गातले, पण त्यांची कधी गाठ पडलेली नसते. साताऱ्यातली आणि भंडाऱ्यातली अशा दोन जमिनी एकाच वर्गात असू शकतात. वर्गाला बांधणारी दोरी डोळ्यांना दिसत नाही. ती पाहणाऱ्याच्या मनात असते आणि पुष्कळदा सरकारी कागदावर असते. म्हणूनच थव्याबद्दल कधी न पडणारे प्रश्न वर्गाबद्दल विचारावेच लागतात. ही दोरी कोणी बांधली, कशावरून बांधली आणि कशासाठी?

मराठीत समूहाचे शब्द भरपूर आहेत, पण ‘वर्ग’ जितक्या क्षेत्रांत वावरतो तितका दुसरा कोणता वावरत असेल असे वाटत नाही. वर्णमाला, कोश, आहारशास्त्र, गणित, जीवशास्त्र, ग्रंथालय, सातबारा, नोकरी, शाळा आणि समाज अशा सगळीकडे तो आहे, आणि प्रत्येक ठिकाणी त्याचे काम निराळे आहे. या सगळ्या कामांकडे एकत्र पाहिले तर वर्ग चांगला केव्हा असतो आणि जाचक केव्हा होतो, हे बरेच स्पष्ट होते.

वगळण्यातून आलेला शब्द

‘वर्ग’ हा संस्कृत शब्द ‘वृज्’ या धातूपासून आला आहे. त्याचा अर्थ बाजूला काढणे, वगळणे, टाळणे. ‘वर्जन’, ‘वर्ज्य’ आणि ‘वर्जित’ हे त्याच धातूचे शब्द. भूप रागात मध्यम आणि निषाद वर्ज्य असतात असे आपण म्हणतो, तेव्हा ‘वर्ग’चाच सख्खा भाऊ उच्चारत असतो. मोक्षाला ‘अपवर्ग’ म्हणतात, तोही याच कुळातला. एकत्र आणणे हा अर्थ मागाहून येतो. आधी काहीतरी वेगळे काढले जाते आणि जे वेगळे काढले त्याचा वर्ग होतो. वर्ग पाडणारा प्रत्येक जण काही आत घेतो तसे काही बाहेरही ठेवतो, ही गोष्ट शब्दाच्या मुळातच आहे.

जुन्या ग्रंथांत हा शब्द मांडणीचे साधन म्हणून येतो. धर्म, अर्थ, काम हा त्रिवर्ग, त्यात मोक्ष मिळवला की चतुर्वर्ग. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, याने तेराव्या शतकात रचलेल्या प्रचंड धर्मग्रंथाचे नाव ‘चतुर्वर्गचिंतामणी’ आहे. काम, क्रोध, लोभ वगैरे सहा शत्रूंना अरिषड्वर्ग म्हणतात. पालीत हाच शब्द ‘वग्ग’ होतो, आणि धम्मपदाच्या ४२३ गाथा २६ वग्गांत लावलेल्या आहेत.

ऋग्वेदाचे उदाहरण तर फारच बोलके आहे. त्याची एक मांडणी मंडल, अनुवाक, सूक्त अशी आहे. तिच्यात ऋषिकुळे आणि देवता यांचा विचार दिसतो. दुसरी मांडणी अष्टक, अध्याय, वर्ग अशी आहे. तिच्यातला वर्ग साधारण पाच ऋचांचा असतो आणि तो अर्थापेक्षा आकाराकडे पाहून पाडलेला आहे, कारण पाठांतराला आटोपशीर तुकडे हवे असतात. ग्रंथ एकच, शब्दही तेच, पण अभ्यासकाने पाडलेले भाग वेगळे आणि पठण करणाऱ्याने पाडलेले वेगळे. दोन्ही बरोबर आहेत. वर्ग हेतूवर ठरतो, हे यापेक्षा सोप्या रीतीने सांगता येणार नाही.

क, च, ट, त, प

वर्गीकरणाचा आदर्श नमुना पाहायचा असेल तर आपल्या वर्णमालेकडे पाहावे. क ते म ही २५ स्पर्श व्यंजने पाच वर्गांत आहेत. हे वर्ग तोंडातल्या जागेवरून ठरतात: कंठ, तालू, मूर्धा, दात, ओठ. जीभ मागून पुढे सरकत येते आणि शेवटी ओठ मिटतात. प्रत्येक वर्गात पुन्हा पाच अक्षरे एकाच क्रमाने येतात. पहिली दोन अघोष, पुढची दोन घोष आणि शेवटचे अनुनासिक. पहिले आणि तिसरे अल्पप्राण, दुसरे आणि चौथे महाप्राण. पाणिनीने या वर्गांना कु, चु, टु, तु, पु अशी सुटसुटीत नावे दिली आणि व्याकरणाचे नियम त्यांवर उभे केले.

या मांडणीचा निकष ज्याचा त्याला तपासता येतो. ‘प’ म्हणताना ओठ मिटतात की नाही हे पाहायला गुरूची परवानगी लागत नाही. अनुस्वाराचा उच्चार पुढच्या अक्षराच्या वर्गावरून आपोआप ठरतो. अंक, पंच, घंटा, दंत, कुंभ हे शब्द सावकाश म्हणून पाहिले तर प्रत्येक अनुस्वार निराळ्या जागी उमटलेला जाणवतो. संगणकाच्या इनस्क्रिप्ट कळफलकावर क-ख, ग-घ, त-थ, प-फ एकेका कळीवर जोडीने बसवले आहेत, तेही याच मांडणीच्या जोरावर. युनिकोडच्या तक्त्यातही देवनागरी अक्षरे याच वर्गक्रमाने येतात. इतक्या जुन्या वर्गांनी यंत्रातही आपली जागा राखली, याचे कारण त्यांचा निकष उघड आहे.

तरीही मराठीने या वर्गांची मर्यादा दाखवली आहे. ‘चार’ मधला च आणि ‘चारा’ मधला च एक नाहीत. पहिला तालव्य, दुसरा दंततालव्य. ज आणि झ यांचेही तसेच. संस्कृतच्या च-वर्गात या दुसऱ्या उच्चाराला घर नाही, लिपीत त्याला वेगळी खूण नाही. बोलणारी माणसे त्याने अडत नाहीत, पण मराठी नव्याने शिकणारा पहिल्याच आठवड्यात अडखळतो. उत्तम वर्गीकरणही ज्या भाषेसाठी झाले तिच्यापुरतेच पुरे असते. दुसऱ्या भाषेवर ते जसेच्या तसे ठेवले की काही ना काही बाहेर राहतेच.

कोशातले वर्ग आणि ताटातले वर्ग

अमरसिंहाच्या ‘अमरकोश’ या संस्कृत शब्दकोशात सुमारे पंधराशे श्लोक आहेत आणि शब्द अर्थाप्रमाणे वर्गांत लावले आहेत: स्वर्गवर्ग, कालवर्ग, वारिवर्ग, शैलवर्ग, वनौषधिवर्ग, सिंहादिवर्ग. अक्षरक्रमाच्या कोशाची सवय झालेल्या आपल्याला हे नवल वाटते, पण शब्द तोंडपाठ करायचे असतील तर हीच रीत सोयीची. शेवटच्या कांडात अमरसिंहाने ‘संकीर्णवर्ग’ ठेवला आहे. कोठेही न बसणाऱ्या शब्दांनाही जागा द्यावी लागते, हे त्याने ओळखले होते.

मात्र कोश निव्वळ शब्दांचा नसतो, तो समाजाचाही असतो. मनुष्यवर्गानंतर ब्रह्मवर्ग, क्षत्रियवर्ग, वैश्यवर्ग आणि शूद्रवर्ग येतात. शूद्रवर्गात कुंभार, माळी, सुतार अशा कारागिरांची नावे आहेत, आणि त्याच वर्गात चोर, कुत्री, जुगार आणि मद्य यांचेही शब्द आहेत. मडकी घडवणाऱ्या हातांना चोराशेजारी बसवणारी ही रचना शतकानुशतके मुलांनी घोकली. उच्चाराच्या वर्गांत निकष तोंडात सापडतो. इथे निकष कोठेच सांगितलेला नाही, तो गृहीत धरलेला आहे. न सांगितलेला निकष हाच सर्वांत खोल रुजतो, कारण त्यावर वाद घालायलाही जागा उरत नाही.

शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथ पंडितांनी रचलेला ‘राज्यव्यवहारकोश’ याच परंपरेतला, पण त्याचा हेतू नवा होता. दरबारात रुळलेल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी तो झाला. त्याचे दहा वर्ग आहेत आणि त्यांत राजवर्ग, कार्यस्थानवर्ग, शस्त्रवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, जनपदवर्ग, पण्यवर्ग अशी नावे येतात. अमरकोशाची सुरुवात स्वर्गापासून होते, या कोशाची राजापासून. किल्ले, कचेऱ्या, लिखापढी आणि बाजार यांना स्वतंत्र वर्ग मिळाले, कारण राज्य चालवायला तेच लागत होते. नव्या राज्याने आपल्या गरजा कशा ओळखल्या, हे या वर्गांच्या नावांवरूनच वाचता येते.

आहाराच्या बाबतीत चरकसंहितेने केलेली विभागणी आजही वाचावी अशी आहे. सूत्रस्थानाच्या सत्ताविसाव्या अध्यायात अन्नपानाचे बारा वर्ग आहेत: शूकधान्य, शमीधान्य, मांस, शाक, फळे, हरित, मद्य, जल, गोरस, इक्षू, कृतान्न आणि आहारयोगी. शूक म्हणजे कुसळ. भात, गहू, जव ही कुसळाची धान्ये. शमी म्हणजे शेंग. मूग, उडीद, कुळीथ ही शेंगेतली. आजचे वनस्पतिशास्त्र पहिल्यांना गवताच्या कुलात घालते आणि दुसऱ्यांना शेंगांच्या कुलात. म्हणजे शेतात उभे राहून पाहणाऱ्याच्या नजरेने रेषा बरोबर ओढली होती. तांदूळ कच्चा असताना शूकधान्य वर्गात आणि शिजून त्याची पेज किंवा भात झाला की कृतान्न वर्गात. पदार्थ तोच, पण पोटावर होणारा परिणाम बदलला म्हणून वर्ग बदलला. निकष आणि हेतू यांची सांगड अशी घट्ट असली की वर्ग उपयोगी पडतो.

गणितातली दोन घरे

गणितात ‘वर्ग’ म्हणजे संख्येला तिनेच गुणून येणारी संख्या, आणि त्यावरून वर्गमूळ, वर्गसमीकरण. समूहाचा अर्थ सोडून शब्द इकडे गेला असे वाटते, पण आर्यभटाच्या ‘आर्यभटीया’त (इ.स. ४९९) दोन्ही अर्थ एकाच सूत्रात भेटतात. त्याने मोठ्या संख्या अक्षरांत लिहिण्याची युक्ती काढली. क ते म या वर्गाक्षरांना १ ते २५ अशा किमती दिल्या, य ते ह या अवर्ग अक्षरांना ३० ते १००, आणि स्थान स्वरांनी दाखवले. वर्गाक्षरे वर्गस्थानी मांडायची. एकं, शतं, दशसहस्र ही वर्गस्थाने, कारण १, १०० आणि १०,००० या पूर्ण वर्गसंख्या आहेत. त्यामुळे युगातली सूर्याची ४३,२०,००० भगणे, म्हणजे फेऱ्या, त्याला ‘ख्युघृ’ एवढ्या दोन अक्षरांत लिहिता आली. ध्वनींचा वर्ग आणि संख्येचा वर्ग यांना असे एकत्र बसवणारी बुद्धी पाहून मन भरून येते.

पुढे ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये ‘वर्गप्रकृती’ नावाच्या समीकरणांचा पाया घातला. एखाद्या संख्येच्या वर्गाला ठरावीक गुणक लावून १ मिळवला, तर उत्तर पुन्हा पूर्ण वर्ग केव्हा येईल, असा तो प्रश्न. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी चक्रवाल पद्धतीने गुणक ६१ असतानाचे उत्तर काढून दाखवले. त्यातल्या सर्वांत लहान संख्या २२,६१,५३,९८० आणि १,७६,६३,१९,०४९ आहेत. भास्कराचार्यांच्या घराण्याची आठवण सांगणारा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण्याला आहे.

शाळेतल्या सांख्यिकीत ‘वर्ग’ पुन्हा समूहाच्या अर्थाने येतो. गुणांचे वर्ग पाडतात, १० ते २०, २० ते ३०. मग ज्याला नेमके २० गुण मिळाले तो कोणत्या वर्गात? उत्तर ठरलेले आहे: त्याला पुढच्या वर्गात मोजायचे. हा नियम सृष्टीतला नाही, माणसांनी ठरवलेला आहे. पण तो आधी ठरतो, सर्वांना सांगितला जातो आणि सर्वांना सारखा लागू होतो. सीमेवरच्याचे काय करायचे हे आधीच सांगून ठेवणारे गणित या बाबतीत सरकारपेक्षा प्रामाणिक आहे.

जीवसृष्टी आणि पुस्तकांची कपाटे

स्वीडनच्या कार्ल लिनियसने १७३५ मध्ये ‘सिस्टेमा नॅचुरे’ प्रसिद्ध करून सजीवांची जी उतरंड मांडली, तिचे वाढवलेले रूप आपल्या पाठ्यपुस्तकांत आहे: सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. वनस्पतींचे २४ वर्ग त्याने मुख्यतः फुलातल्या पुंकेसरांवरून पाडले. मोजायला ते सोपे होते, पण नाते नसलेली झाडे त्यामुळे शेजारी आली आणि ती व्यवस्था नंतर मागे पडली. देवमासा आधी माशांत होता. १७५८ च्या दहाव्या आवृत्तीत लिनियसनेच त्याला सस्तन प्राण्यांत आणले. मराठीत आपण त्याला अजून मासाच म्हणतो. कोळ्यांच्या दृष्टीने समुद्रात राहणारा तो मासा, प्राणिशास्त्राच्या दृष्टीने पिल्लाला दूध पाजणारा सस्तन. दोन हेतूंचे हे दोन वर्ग आहेत.

आता वंशावळीच्या अभ्यासाने सरीसृप वर्गही हलवला आहे. मगरीचे जवळचे नाते पालीपेक्षा पक्ष्यांशी आहे, असे दिसून आले. म्हणजे पक्ष्यांना बाहेर ठेवून केलेला सरीसृपांचा वर्ग अपुरा ठरतो. पुरावा बदलला की वर्ग बदलायचा, ही विज्ञानाची रीत आहे आणि त्यात कोणाचा मानभंग होत नाही.

ग्रंथालयातली गोष्ट मराठी वाचकाने विशेष लक्षात ठेवावी अशी आहे. अमेरिकेच्या मेल्व्हिल ड्यूईने १८७६ मध्ये दशांश वर्गीकरण मांडले. त्यात साहित्याचा वर्ग ८००. ८१० अमेरिकी साहित्य, ८२० इंग्रजी, ८३० जर्मन, ८४० फ्रेंच, आणि असे करत ८९० मध्ये बाकीच्या सगळ्या भाषा. मराठी साहित्याचा क्रमांक ८९१.४६. दशांश चिन्हाच्या पुढे गेल्यावर आपण सापडतो. त्यात कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कादंबरी ८९१.४६३. गावातल्या वाचनालयात जिथे निम्म्याहून अधिक पुस्तके मराठी असतात, तिथेही जवळजवळ प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर तीच लांबलचक सुरुवात चिकटते. ज्या कपाटासाठी ती रचना झाली, त्या कपाटात मराठी पुस्तके थोडी होती एवढाच त्याचा अर्थ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण दिले. विषयाला आधीच ठरलेल्या खणात कोंबण्याऐवजी व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, अवकाश आणि काल या पाच अंगांनी तो जोडत न्यायचा, ही त्यांची कल्पना. एकच पुस्तक अनेक बाजूंनी पाहता येते, हे त्यांनी वर्गीकरणातच बसवले. भारतीय विद्वत्तेचे हे मोठे देणे आहे.

सातबारा, नगरपालिका आणि ‘वर्ग करणे’

शेतकऱ्याच्या घरी ‘वर्ग’ हा शब्द सातबाऱ्यावरून येतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २९ मध्ये भोगवटादार वर्ग-१ आणि भोगवटादार वर्ग-२ असे भेद आहेत. वर्ग-१ ची जमीन मालक आपल्या मर्जीने विकू शकतो. वर्ग-२ च्या जमिनीच्या हस्तांतरावर बंधने असतात. गावात याला जुनी शर्त आणि नवी शर्त म्हणतात. वतनाच्या, सिलिंगमधून वाटलेल्या किंवा पुनर्वसनात मिळालेल्या जमिनी पुष्कळदा वर्ग-२ च्या असतात. ही बंधने घालण्यामागे विचार होता. भूमिहीनाला दिलेली जमीन सावकाराने किंवा धनिकाने लगेच लाटू नये. पण त्याच बंधनामुळे गरजेच्या वेळी ती जमीन विकायला परवानगीसाठी खेटे घालावे लागतात. २०१९ मध्ये अशा जमिनी वर्ग-१ मध्ये आणण्याचे नियम झाले. ‘जमीन वर्ग एक करून घ्यायची आहे’ हे वाक्य आज कोणत्याही तहसील कचेरीबाहेर ऐकू येते. एका आकड्याच्या फरकावर मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण अडते, तेव्हा वर्ग हा कागदावरचा शब्द राहत नाही.

प्रशासनाला वर्ग पाडल्याशिवाय चालतच नाही. एक लाखाहून अधिक लोकसंख्येची नगरपरिषद ‘अ’ वर्ग, चाळीस हजार ते एक लाख ‘ब’ वर्ग, त्याखालची ‘क’ वर्ग. १९६७ च्या कायद्याखालची सार्वजनिक ग्रंथालये अ, ब, क, ड वर्गांत असतात आणि अनुदान त्यावर ठरते. तीर्थक्षेत्रांनाही ‘ब’ वर्ग, ‘क’ वर्ग लागतो. सरकारी नोकरीतले वर्ग १ ते ४ आता अधिकृतपणे गट अ ते ड झाले, पण लोकांच्या तोंडी अजून ‘क्लास वन’ आणि ‘चतुर्थ श्रेणी’ आहेच.

मराठी कचेऱ्यांनी या शब्दाला एक नवे क्रियापदही दिले. अनुदानाची रक्कम खात्यात वर्ग होते, खटला दुसऱ्या न्यायालयात वर्ग होतो. गुन्हा शून्य क्रमांकाने नोंदवून हद्दीतल्या पोलीस ठाण्याकडे वर्ग करतात. एका खात्यातून काढून दुसऱ्याच्या हवाली करणे हा अर्थ मूळ धातूच्या ‘बाजूला काढण्या’शी चांगला जुळतो. ‘वर्गणी’ मात्र या सगळ्यात जिव्हाळ्याचा शब्द. उत्सवाचा खर्च सर्वांनी वाटून घ्यायचा, नियतकालिक वर्गणीदारांच्या बळावर चालवायचे. इथे माणूस आपल्या इच्छेने समूहात येतो आणि आपला वाटा उचलतो.

शाळेचा वर्ग

शाळेत वर्ग भरतो आणि सुटतो. वर्गशिक्षक, वर्गमित्र, वर्गप्रमुख हे शब्द तिथले. विदर्भात ‘कितवीत आहेस?’ ऐवजी ‘कोणत्या वर्गात आहेस?’ असे विचारतात. जिल्हा परिषदेच्या लहान शाळांत एकच शिक्षक एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता शिकवतो, त्याला बहुवर्ग अध्यापन म्हणतात. तिसरीतले मूल चौथीच्या मुलांचे पाढे ऐकत असते आणि वर्गांच्या भिंती सहज विरतात. उलट काही मोठ्या शाळांत गुणांवरून तुकड्या पाडल्या जातात. ‘अ’ तुकडीतली मुले हुशार आणि ‘ड’ तुकडीतली ढ, हे गाव ठरवून टाकते. आपली तुकडी म्हणजेच आपली लायकी, असे दहा वर्षांच्या मुलाला वाटू लागते. ही रीत बंद व्हायला हवी. वयाचा वर्ग दरवर्षी पुढे सरकतो. लायकीचा म्हणून लावलेला वर्ग मुलाच्या मनात राहून जातो.

समाजाचे वर्ग

समाजाच्या बाबतीत या शब्दाचे वजन सर्वांत जास्त आहे. २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी करवीर संस्थानातल्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या. मागासलेले कोण, हे त्या आदेशाने कसे सांगितले ते पाहण्यासारखे आहे. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे. शतकानुशतके ज्यांना वगळले होते त्यांचा वर्ग, वगळणाऱ्यांना वगळून केला. न्यायासाठी रेषा उलटी ओढता येते, हे महाराजांनी दाखवले. १९०६ मध्ये विठ्ठल रामजी शिंदे यांनी अस्पृश्य वर्गांसाठी निराश्रित साह्यकारी मंडळी स्थापन केली, आणि १९२४ मध्ये डॉ. आंबेडकरांनी बहिष्कृत हितकारिणी सभा.

जात आणि वर्ग यांचे नाते आंबेडकरांनी फार लवकर उलगडले. १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात त्यांनी दाखवले की जात म्हणजे दारे लावून घेतलेला वर्ग. वर्गात येता-जाता येते, जातीत येत नाही. आधी एका वर्गाने आपापसातच लग्ने करून दार लावले, इतरांनी त्याचे अनुकरण केले, आणि काहींसाठी ते बाहेरून लावले गेले. वर्गाविषयी मराठी माणसाने केलेला याहून भेदक विचार मला माहीत नाही.

बाहेरून दार लावण्याचे क्रूर उदाहरण म्हणजे १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. जन्माला आलेले मूल गुन्हेगार ठरवणारा वर्ग सरकारने कागदावर तयार केला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला आणि त्या जमाती ‘विमुक्त’ झाल्या, पण पोलिसाची नजर विमुक्त झाली नाही. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनाने ते मराठी वाचकासमोर ठेवले. आज महाराष्ट्रात विमुक्त जाती आणि भटक्या जमातींचे स्वतंत्र प्रवर्ग आहेत. ज्या कागदाने कलंक दिला, त्याच कागदाकडून संरक्षण मागावे लागते.

मार्क्सचा विचार मराठीत आला तेव्हा वर्गविग्रह, वर्गकलह, वर्गसंघर्ष हे शब्द घडले. मुंबईच्या गिरणगावात १९२८ च्या दीर्घ संपाने कामगारवर्ग ही गोष्ट रस्त्यावर उभी केली. पण त्याच गिरण्यांत कापड विणण्याच्या खात्यात अस्पृश्य कामगाराला घेत नसत. धाग्याला तोंडाचा स्पर्श होतो, हे कारण सांगितले जाई. एकाच वर्गातल्या कामगारांमध्ये जात उभी होती आणि आंबेडकरांनी ती संपाच्या काळातही झाकू दिली नाही. १९७८ मध्ये सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढणारे शरद पाटील यांनी आयुष्यभर हेच मांडले, की एकट्या वर्गाच्या कसोटीने भारतीय समाज कळत नाही.

राज्यघटनेने ‘सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागासलेले वर्ग’ असे शब्द वापरले, आणि हे वर्ग ओळखायचे कशावरून हा वाद तेव्हापासून चालू आहे. साताऱ्यात जन्मलेल्या काकासाहेब कालेलकरांच्या अध्यक्षतेखालच्या पहिल्या आयोगाने १९५५ मध्ये २,३९९ जातींची यादी दिली, पण जातीच्या निकषाविषयी स्वतः अध्यक्षांनीच शंका नोंदवली. मंडल आयोगाने सुचवलेले २७ टक्के आरक्षण सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये मान्य केले आणि सुस्थितीत पोचलेल्यांना वगळायला सांगितले. महाराष्ट्रात मराठा समाजाला या वर्गात धरायचे की नाही, हा प्रश्न २०१८ चा कायदा, २०२१ चा निकाल आणि २०२४ चा नवा कायदा अशा वळणांनी जात आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने ६ विरुद्ध १ अशा मताने अनुसूचित जातींचे उपवर्गीकरण मान्य केले. वर्गाच्या आत आणखी मागे राहिलेले असतात, हे त्यामागचे कारण.

या सगळ्यांत ‘मध्यमवर्ग’ हा एकच असा आहे, ज्यात माणसे आपण होऊन जातात. अगदी वेगवेगळ्या उत्पन्नाची घरे स्वतःला मध्यमवर्गीय म्हणवतात, कारण त्याचा निकष कोणीच ठरवलेला नाही. त्याच्या आधीचा ‘पांढरपेशा’ हा शब्द अधिक नेमका होता. कामाने कपडे मळतात की नाही, ही त्याची कसोटी नावातच होती.

कसोट्या

एवढ्या वाटा फिरून आल्यावर काही गोष्टी ठामपणे सांगता येतात. वर्ग पाडल्याशिवाय विचार करता येत नाही, शिकवता येत नाही, राज्यही चालवता येत नाही. त्यामुळे वर्गच नकोत, ही मागणी पोकळ आहे. पण प्रत्येक वर्गाला चार प्रश्न विचारण्याचा आपला हक्क आहे. निकष उघड सांगितला आहे का? तो ज्या कामासाठी पाडला त्याच कामापुरता वापरला जातो का? न बसणाऱ्याला जागा आणि सीमेवरच्याला नियम आहे का? आणि पुरावा बदलला किंवा परिस्थिती बदलली, तर आत येण्याचे आणि बाहेर पडण्याचे दार आहे का? वर्णमालेचे वर्ग पहिल्या प्रश्नाला उत्तम उत्तर देतात, चरकाचे दुसऱ्याला, गणित तिसऱ्याला, जीवशास्त्र चौथ्याला. जात या चारही प्रश्नांत नापास होते.

आपण भरतो त्या जवळजवळ प्रत्येक सरकारी अर्जात आज एक रकाना असतो: वर्ग किंवा प्रवर्ग. ज्यांना त्या रकान्यामुळे शाळा आणि नोकरीचे दार उघडले, त्यांच्यासाठी तो न्यायाचा कागद आहे, आणि अन्याय शिल्लक आहे तोवर तो राहिला पाहिजे. त्याच वेळी तो भरून घेणाऱ्या शासनाने आणि समाजाने आपण हा वर्ग कशासाठी विचारतो याचे उत्तर तयार ठेवले पाहिजे, आणि ज्या दिवशी ते उत्तर देता येणार नाही त्या दिवशी रकाना काढून टाकण्याची हिंमतही. वर्ग माणसांनी पाडले आहेत. ते सुधारणे आणि वेळ आली की मोडणे, ही जबाबदारीही माणसांचीच आहे.